बुलेट ट्रेनच्या संशोधनात वगळलेल्या गावांची नोंद

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात मुंबई–अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या खांबांच्या, गर्डरच्या आणि ठाणे खाडीखालच्या बोगद्याच्या बातम्या नियमित येतात आणि त्या मी आवर्जून वाचते. वडील भुसावळच्या लोको शेडमध्ये फिटर होते, त्यामुळे रेल्वेविषयीचे कुतूहल घरातूनच आले. पुढे महाविद्यालयात ग्रंथपाल म्हणून नोकरी केली, त्यामुळे कोणत्या विषयावर कोण, कुठे आणि किती लिहितो याकडे पाहण्याची सवय लागली. या दोन्ही गोष्टी एकत्र आल्यामुळेच हे पत्र लिहीत आहे. प्रकल्पाची प्रगती बातम्यांतून कळते. परंतु द्रुतगती रेल्वेवर, म्हणजे बुलेट ट्रेनसारख्या गाड्यांवर, जगभर जे संशोधन होते त्याचा कल कोणत्या दिशेला आहे, त्यात काय राहून गेले आहे आणि त्या राहून गेलेल्या गोष्टींचा खानदेशाशी किती जवळचा संबंध आहे, याची चर्चा आपल्याकडे झालेली मला दिसली नाही.

निवृत्तीच्या आधी वाहतुकीच्या अर्थशास्त्रावर काम करू इच्छिणारा एक विद्यार्थी ग्रंथालयात आला होता. त्याला विषय निवडायचा होता आणि त्यासाठी आधी कोणते काम झाले आहे ते पाहायचे होते. हल्ली यासाठी संशोधनाचा नकाशा काढण्याची पद्धत रूढ झाली आहे. स्कोपस किंवा वेब ऑफ सायन्ससारख्या सूचींमधून एखाद्या विषयावरच्या हजारो शोधनिबंधांच्या नोंदी उतरवून घ्यायच्या, प्रत्येक निबंधाला लेखकाने दिलेले कीवर्ड वेगळे काढायचे, कोणते दोन शब्द एकाच निबंधात किती वेळा एकत्र येतात ते मोजायचे आणि संगणकाकडून त्यांचे चित्र काढून घ्यायचे. नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठात तयार झालेले व्हीओएसव्ह्यूअर हे सॉफ्टवेअर त्यासाठी मोफत मिळते. जो शब्द जास्त वेळा येतो त्याचे वर्तुळ मोठे, जे शब्द बरोबरीने येतात त्यांची वर्तुळे जवळ आणि ज्यावर कोणी लिहिलेच नाही ती जागा कोरी. या पद्धतीत चुकाही सहज होतात. पहिल्या दिवशी आम्ही ‘एचएसआर’ (हाय-स्पीड रेल, म्हणजे द्रुतगती रेल्वे) एवढेच संक्षिप्त रूप शोधायला दिले, तेव्हा उष्णतेला पेशी कसा प्रतिसाद देतात यावरचे जीवशास्त्रातले निबंध मोठ्या संख्येने हाती आले, कारण त्या शास्त्रातही तेच संक्षिप्त रूप वापरले जाते. ती नोंदींची चाळण हाताने करावी लागली आणि त्यात आमचे कित्येक दिवस गेले.

चाळणीनंतर जे चित्र उभे राहिले ते इतिहासाशी ताडून पाहिले की नीट समजते. जपानची तोकाइदो शिनकानसेन ही बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ रोजी तोक्यो आणि ओसाका यांच्यामध्ये ताशी २१० किलोमीटर वेगाने सुरू झाली; फ्रान्सची पॅरिस–लिऑ सेवा १९८१ मध्ये, जर्मनीची १९९१ मध्ये आणि स्पेनची माद्रिद–सेव्हिल सेवा १९९२ मध्ये आली. त्या काळातले बहुतांश लेखन अभियंत्यांचे होते: चाक आणि रूळ यांचा परस्परसंबंध, पँटोग्राफ (गाडीच्या छतावरची वीज घेणारी चौकट) आणि वरची तार यांचा संपर्क, पुलांची कंपने, बोगद्यातून गाडी बाहेर पडताना होणारा हवेच्या दाबाचा आवाज. १९९८ मध्ये जर्मनीत एशेडे येथे चाकाची धाव फुटून १०१ माणसे गेली आणि २०११ मध्ये चीनमध्ये वेनझोऊजवळ सिग्नल यंत्रणेतील दोषामुळे झालेल्या टकरीत ४० जण दगावले; अशा अपघातांनंतर सुरक्षिततेचा अभ्यास अधिक नेटाने होऊ लागला. मात्र संशोधनाचा खरा पूर चीनमुळे आला. तिथे २००८ मध्ये बीजिंग–तिआनजिन मार्ग सुरू झाला आणि २०२४ अखेरपर्यंत जाळे सुमारे ४८ हजार किलोमीटरचे झाले. आज या विषयावर सर्वाधिक निबंध चिनी विद्यापीठांतून येतात, आणि अभियांत्रिकीच्या जोडीला विमानसेवेशी स्पर्धा, शहरांमधील अंतर कमी होण्याचे परिणाम, घरांच्या किमती आणि प्रादेशिक विषमता हे विषयही मोठ्या वर्तुळांत दिसू लागले आहेत.

चीनमध्ये अर्थशास्त्रीय अभ्यास इतके का वाढले, याचे कारण मला फार बोलके वाटते. थोड्या वर्षांत शेकडो शहरे जोडली गेली आणि प्रत्येक लहान-मोठ्या प्रशासकीय घटकाची मार्ग येण्याआधीची व नंतरची आकडेवारी उपलब्ध होती. त्यामुळे ज्या ठिकाणी गाडी आली आणि ज्या ठिकाणी आली नाही, त्यांची आधीची आणि नंतरची स्थिती शेजारी शेजारी ठेवून फरक मोजता आला. म्हणजे संशोधन केवळ नव्या कल्पनेमुळे वाढत नाही, वेळेत करून ठेवलेल्या नोंदींमुळे वाढते. या पद्धतीची एक जुनी अडचण अभ्यासकांनी स्वतःच मान्य केली आहे: रेल्वेमार्ग काही चिठ्ठ्या टाकून ठरत नाही, तो मुळात वाढणाऱ्या शहरांकडेच आखला जातो, म्हणून नंतरची सगळी वाढ रेल्वेच्या खात्यात जमा करता येत नाही. त्यावर उपाय शोधण्यात बरेच लेखन खर्ची पडले आहे आणि ते आवश्यकही आहे.

परंतु या सगळ्या अभ्यासांचे लक्ष स्थानक मिळालेल्या शहरांवर असते. न मिळालेली गावे केवळ तुलनेसाठी वापरली जातात. त्यांचे स्वतःचे काय झाले, हा प्रश्न घेऊन लिहिणारे फार थोडे. स्थानक मिळाले म्हणजे भाग्य उजळले असेही नसते. फ्रान्समध्ये आमियँ आणि सँ-काँतँ या दोन शहरांच्या मधोमध, शेतांत, ओत-पिकार्दी नावाचे द्रुतगती स्थानक उभारले गेले. भोवती बीटची शेते असल्याने लोक त्याला बीटांचे स्थानक म्हणू लागले, आणि जुन्या लोहमार्गाशी ते जोडलेले नसल्याने दोन्ही शहरांना त्याचा अपेक्षेइतका उपयोग झाला नाही. उलट स्पेनमधले सिउदाद रेआल हे लहान शहर माद्रिदपासून तासाभराच्या अंतरावर आले, तिथून रोज राजधानीला अपडाऊन करणारे हजारो लोक तयार झाले आणि शहराला नवा आधार मिळाला. या दोन्ही उदाहरणांवर भरपूर लिहिले गेले आहे, कारण दोन्ही ठिकाणी स्थानक आहे.

मला मात्र सर्वांत जास्त विचार करायला लावले ते जपानच्या नागानो प्रांतातल्या कोमोरो या किल्ल्याच्या गावाने. जुन्या शिन-एत्सू मार्गावर तोक्योकडे जाणाऱ्या जलद गाड्या तिथे थांबत. १ ऑक्टोबर १९९७ रोजी नागानोची शिनकानसेन सुरू झाली आणि तिचे स्थानक शेजारच्या साकूमध्ये, साकुदाइरा येथे झाले. कोमोरोवरून जाणारा जुना मार्ग जेआर ईस्ट या मोठ्या रेल्वे कंपनीकडून स्थानिक सहभागाच्या शिनानो रेल्वे कंपनीकडे देण्यात आला. तोक्योच्या थेट गाड्या बंद झाल्या. त्याच मार्गाचा योकोकावा–करुइझावा हा घाटातला तुकडा तर कायमचा बंद झाला. नवी दुकाने आणि घरे साकुदाइराभोवती वाढली, आणि कोमोरोच्या स्थानकासमोरच्या बाजारपेठेचा ओघ आटला. जपानी भाषेत याची चर्चा पुष्कळ झाली आहे; तिथे नवा द्रुतगती मार्ग झाला की समांतर जुना मार्ग स्थानिकांकडे सोपवण्याचे धोरणच असल्याने हा प्रश्न वारंवार उभा राहतो. आमच्या विद्यार्थ्याच्या नकाशात मात्र कोमोरोसारख्या गावांसाठी एकही ठळक वर्तुळ नव्हते. जपानी आणि चिनी भाषेतल्या देशांतर्गत नियतकालिकांचा फार थोडा भाग त्या सूचींमध्ये येतो, हेही त्याचे एक कारण आहे.

आता कोमोरोच्या जागी भुसावळ, पाचोरा, चाळीसगाव ठेवून पाहावे. मुंबई–नागपूर द्रुतगती रेल्वेमार्ग हा देशात अभ्यासासाठी घेतलेल्या मार्गांपैकी एक आहे आणि त्याचा विचार समृद्धी महामार्गाच्या बाजूने झाला आहे. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग दहा जिल्ह्यांतून जातो. त्यांत जळगाव, धुळे आणि नंदुरबार यांपैकी एकही जिल्हा नाही. हा द्रुतगती रेल्वेमार्ग उद्या झाला किंवा वीस वर्षांनी झाला, तरी मुंबई–नागपूर प्रवाशांचा एक भाग भुसावळच्या रुळांवरून तिकडे वळेल, हे उघड आहे. त्यानंतर काय होईल याच्या दोन शक्यता आहेत. लांबच्या गाड्या कमी होतील, थांबे जातील, आणि नाशिक–मुंबईकडे उपचारासाठी, परीक्षेसाठी, कामासाठी जाणाऱ्या आमच्या माणसांची सोय घटेल. किंवा रुळांवर जागा मोकळी होईल आणि जवळच्या अंतराच्या मेमू गाड्या व मालगाड्या वेळेवर धावतील. यांपैकी काय घडेल हे कोणी आधीच ठामपणे सांगत असेल, तर तो अंदाज आहे, अभ्यास नव्हे. मी मार्गाच्या विरोधात नाही; माझी मागणी अभ्यासाची आहे.

मालवाहतुकीची उणीव तर मला अनाकलनीय वाटते. तोकाइदोचा जुना मार्ग प्रवासी आणि माल या दोन्हींच्या भाराने तुंबला होता म्हणून जपानने नवा मार्ग बांधला. पॅरिस–लिऑ मार्गामागेही जुन्या मार्गावरची दाटी हे मोठे कारण होते. म्हणजे द्रुतगती रेल्वेचा जन्मच जुन्या रुळांवरची कोंडी फोडण्यासाठी झाला. असे असताना जुन्या रुळांवर जागा मोकळी झाल्यावर तिथे प्रत्यक्षात किती माल वाढला, कोणाचा वाढला, नाशवंत शेतमालाला त्यातून काही मिळाले का, यावरचे काम प्रवाशांवरच्या कामाच्या तुलनेत अगदी तुटपुंजे आहे. रावेर आणि सावदा स्थानकांतून दिल्लीकडे केळी पाठवणाऱ्या शेतकऱ्याला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. घड कच्चा, हिरवा कापलेला असतो. गाडी ज्या ज्या स्थानकात लूपला, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी बाजूच्या रुळावर, उभी राहते, तितके तास त्याच्या भावातून वजा होतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जळगाव–मनमाड चौथा मार्ग आणि भुसावळ–खंडवा तिसरा व चौथा मार्ग मंजूर केला, त्याआधी सप्टेंबरमध्ये धुळ्यावरून जाणारा मनमाड–इंदूर हा ३०९ किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर झाला. या मार्गांनी केळीच्या, कापसाच्या आणि कोळशाच्या वाहतुकीत काय बदल होतो हे मोजले, तर द्रुतगती मार्गाच्या वेळी तुलना करायला भक्कम आधार हाती राहील.

आमच्या हवामानाविषयीही असेच म्हणावे लागते. हार्बिन–दालिआन मार्गामुळे कडाक्याच्या थंडीवर, गोबीच्या वाळवंटातून जाणाऱ्या लानझोऊ–उरुमची मार्गामुळे वादळी वाऱ्यावर, सौदी अरेबियातल्या मक्का–मदिना मार्गामुळे रुळांवर साचणाऱ्या वाळूवर संशोधन झाले, कारण तिथे मार्ग झाले. मे महिन्यात ४५ अंशांच्या घरात जाणारे तापमान, त्या उन्हात हवेपेक्षाही वीसेक अंशांनी अधिक तापणारा रूळ आणि पावसात फुगून उन्हाळ्यात भेगाळणारी काळी कसदार जमीन, हे तिन्ही एकत्र असलेल्या प्रदेशावरचे काम शोधावे लागते. किलोमीटरभर लांबीचा रूळ मोकळा ठेवला, तर पन्नास अंशांच्या फरकाने तो सुमारे ५७ सेंटिमीटर लांबेल. जोड नसलेल्या रुळाला ती लांबण्याची मुभा नसते, म्हणून सगळा ताण आत साठतो आणि ट्रॅकमनला भर उन्हात रूळ तपासत चालावे लागते. मुंबई–अहमदाबाद मार्गावर खडीऐवजी काँक्रीटच्या स्लॅबवर रूळ बसवले जात आहेत आणि बहुतेक मार्ग खांबांवर आहे, त्यामुळे तिथले प्रश्न निराळे असतील. परंतु तापीच्या खोऱ्यातून किंवा विदर्भातून असा मार्ग न्यायचा झाल्यास लागणारी मातीची आणि तापमानाची मोजमापे आपल्याच अभियांत्रिकी महाविद्यालयांना आजपासून घेता येतील.

आणखी एक रिकामी जागा माणसांची आहे. नंदुरबार, शिंदखेडा, अमळनेर या भागांतून सुरतेत कापडाच्या कामाला गेलेली आपली माणसे पिढ्यान्‌पिढ्या उधना–जळगाव मार्गावरच्या जनरल डब्यातून ये-जा करतात. बुलेट ट्रेन सुरतेत थांबणार आहे, म्हणजे खानदेशाच्या पश्चिम भागाला सर्वांत जवळचे द्रुतगती स्थानक तेच असेल. त्या गाडीचा आणि या माणसांचा संबंध कसा असेल? बहुतेक अभ्यासांत प्रवाशाच्या वेळेची किंमत त्याच्या उत्पन्नावरून काढली जाते. त्या हिशेबात मजुराचा तास स्वस्त ठरतो आणि त्याचा प्रवास गणितातून जवळजवळ गळून जातो. भाडे परवडत नाही म्हणून जो चढलाच नाही, तो स्थानकावर भरून घेतलेल्या कोणत्याही प्रश्नावलीत सापडत नाही. त्याला शोधायचे तर प्रश्नावली घेऊन त्याच्या घरी किंवा जनरल डब्यात जावे लागेल.

यासाठी काय करता येईल, ते मला थोडक्यात मांडायचे आहे. फ्रान्सने ३० डिसेंबर १९८२ च्या अंतर्गत वाहतूकविषयक कायद्यात अशी तरतूद केली की सरकारी पैशाने झालेला मोठा वाहतूक प्रकल्प सुरू झाल्यानंतर पाच वर्षांच्या आत त्याच्या प्रत्यक्ष परिणामांचा ताळेबंद मांडावा आणि तो लोकांसमोर ठेवावा. अंदाज चुकले होते की बरोबर आले होते, हे तिथे कागदावर उतरते. अशी तरतूद आपल्याकडेही कायद्याने व्हावी, यासाठी आपल्या खासदारांनी प्रश्न मांडावा. आणि ताळेबंद मांडायचा तर सुरुवातीची शिल्लक माहीत असावी लागते. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या खानदेश जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये त्या काळच्या बाजारांच्या, रस्त्यांच्या आणि रेल्वेच्या नोंदी आहेत; भुसावळ रेल्वेमुळे वाढले आणि एरंडोल, पारोळा, चोपडा ही जुनी व्यापारी गावे रुळांपासून दूर राहिली, हे आपण आज बोलतो तेव्हा तपासण्यासाठी निदान तेवढा कागद हाताशी असतो. मात्र रेल्वे येण्यापूर्वीच्या या गावांची तशीच तपशीलवार मोजणी आपल्याजवळ नाही, म्हणून रेल्वेने नेमके किती दिले आणि किती काढून घेतले हे कधीच नेमकेपणाने सांगता आलेले नाही.

कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नेमके जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे आहेत. तिथल्या भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र या विभागांनी मिळून तालुकावार एक मूळ नोंद तयार करावी, अशी माझी विनंती आहे: कोणत्या गावाहून मुंबईला, सुरतेला, नागपूरला पोहोचायला आज किती तास आणि किती रुपये लागतात, पासधारक किती आणि ते कशासाठी जातात, स्थानकाभोवतीच्या जमिनीचे रेडी रेकनरचे दर काय आहेत, केळीचा किती माल रस्त्याने आणि किती रेल्वेने जातो. २०११ च्या जनगणनेत कामाच्या ठिकाणापर्यंतचे अंतर आणि प्रवासाचे साधन यांची कोष्टके आहेत. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. या दोन जनगणनांच्या मध्ये केलेली स्थानिक पाहणी दोन्हींना जोडता येईल. रेल्वेनेही प्रवाशांची नावे वगळून स्थानकनिहाय, महिनावार तिकीटविक्रीचे आकडे विद्यापीठाला द्यावेत. हे काम एका पीएच.डी.च्या विद्यार्थ्याच्या खांद्यावर टाकण्याजोगे नाही, आणि त्याचा गोषवारा मराठीत छापला गेला नाही तर ज्यांच्याविषयी ते आहे त्यांना त्यातल्या चुका दाखवता येणार नाहीत.

इतके मोठे काम लगेच उभे राहत नसेल, तर एक लहान सुरुवात आपल्या दारातच आहे. पाचोरा–जामनेर ही ५६ किलोमीटरची नॅरोगेज गाडी २०२० मध्ये करोनाच्या काळात थांबली ती पुन्हा सुरू झाली नाही. त्या मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो बोदवडपर्यंत नेण्याचे ठरले आहे. म्हणजे गाडी होती तेव्हाचा, गाडी नाही तेव्हाचा आणि गाडी परत येईल तेव्हाचा, असे तीन काळ एकाच पट्ट्यात मोजण्याची संधी आहे. शेंदुर्णी आणि पहूरच्या कोणत्या मुलींचे महाविद्यालय सुटले, कोणाचा भाजीचा माल एसटीवर गेला, कोणाला दुचाकी घ्यावी लागली आणि तिचा हप्ता घरखर्चात कसा बसला, हे सांगणारी माणसे आज तिथे आहेत आणि त्यांना सगळे आठवते आहे. ज्यांच्याकडे त्या गाडीचे जुने पास, वेळापत्रके किंवा माल पाठवल्याच्या पावत्या असतील, त्यांनी त्या जपून ठेवाव्यात आणि जवळच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाकडे त्यांची एक प्रत द्यावी. त्यांची सूची करण्याचे काम कोणी हाती घेतले, तर मी आठवड्यातले दोन दिवस त्यासाठी द्यायला तयार आहे.

आपली नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल,
भुसावळ, जि. जळगाव